दोन महिन्यांची लेक दिवसातून आठ-दहा वेळा दूध बाहेर काढते. हे कितपत चालू द्यावे?

लेकीची आई, मानेवाडा

माझी मुलगी काल ९ आठवड्यांची झाली. जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते आणि सहाव्या आठवड्यात लसीकरणाच्या दिवशी ते ३ किलो ९०० ग्रॅम भरले. ती पूर्णपणे माझ्या दुधावर आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ती पाजल्यानंतर दूध बाहेर काढू लागली आणि आता हे दिवसातून आठ-दहा वेळा होते. कधी ढेकरेबरोबर ओठाच्या कडेने थोडेसे ओघळते, कधी माझा खांदा आणि दुपटे दोन्ही भिजतात, तर कधी पाजून तास उलटल्यावर दह्यासारख्या गाठी पडतात. दूध काढून झाले की ती बहुतेक वेळा शांत असते, हसतेही. मात्र संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पाय पोटाशी घेऊन रडते आणि त्या वेळात घरातले सगळेच अस्वस्थ होतात.

माझ्या सासूबाई तिचे सगळे मनापासून करतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला सहज बाजूला सारता येत नाही. दूध फाटून पडते, म्हणजे ते पचत नाही आणि त्याला कारण माझ्या दुधाचा जडपणा, असे त्यांचे मत आहे. त्यामुळे माझे तुरीचे वरण बंद झाले, आंबट बंद झाले, आणि मृग बहाराची शेवटची संत्री घरात असूनही मला मिळत नाहीत. बाळगुटी सुरू करावी आणि मोहरीची उशी उंच करून तिला त्यावर झोपवावे, असा त्यांचा आग्रह आहे. सासऱ्यांनी औषधांच्या दुकानातून उलटी थांबवणारे थेंब आणले. ते दोन दिवस दिले, परंतु फरक दिसला नाही आणि मलाच भीती वाटल्याने काल बंद केले.

हा आजार आहे की वयाचा भाग आहे, हे कशावरून ओळखावे? रात्री उताणे झोपवल्यावर दूध श्वासनलिकेत जाईल या भीतीने मी अर्धी रात्र तिच्याकडे पाहत बसून असते; ही भीती खरी आहे का? आणि मार्च संपत आला आहे, पुढे नागपूरचा मे महिना उभा आहे. एवढे दूध बाहेर जात असताना तिला वरून पाणी द्यावे लागेल का?

दोन मुलांची आई, त्रिमूर्तीनगर

ताई, माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मी याच अवस्थेतून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या मजकुरात मी सर्वांत आधी वजन पाहिले. सहा आठवड्यांत ११०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी २६ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली मानतात. जे मूल खरोखरच दूध गमावत असते त्याचे वजन असे चढत नाही.

दुपट्यावरचा डाग फार फसवा असतो. आमच्या डॉक्टरांनी मला घरी एक गोष्ट करून पाहायला सांगितली होती. कोरड्या दुपट्यावर चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर दूध ओतायचे, दुसऱ्या दुपट्यावर दोन चमचे ओतायचे, आणि मग बाळाने काढलेल्या दुधाचा डाग त्यांच्या शेजारी ठेवायचा. मुलगा अर्धी वाटी दूध फेकतो असे मी सगळ्यांना सांगत होते. प्रत्यक्षात तो डाग दोन चमच्यांच्या डागापेक्षा क्वचितच मोठा निघाला. मी हे एकटीने न करता घरातल्या मोठ्या माणसांना समोर बसवून केले. तुम्हीही सासूबाईंना बरोबर घ्या, कारण माझ्या तोंडी स्पष्टीकरणाने जे झाले नाही ते त्या तीन डागांनी झाले.

पाजण्याच्या पद्धतीतले दोन-तीन बदल आमच्या उपयोगी पडले. माझ्या दुधाला सुरुवातीला फार जोर असे. मुलगा घटाघटा पीत असे, मध्येच ठसकत असे आणि दुधाबरोबर पुष्कळ हवा गिळत असे. मी पाठीमागे तक्का घेऊन जरा रेलून पाजू लागले, म्हणजे दुधाचा जोर कमी होतो आणि बाळाला आपल्या गतीने पिता येते. मध्ये एकदा थांबून ढेकर काढायची, परंतु बाळ शांतपणे पीत असेल तर ढेकरेसाठी त्याला ओढून काढायचे नाही, कारण रडताना ते आणखी हवा गिळते. लंगोट पाजण्याआधीच बदलून घ्यायचा. पाजल्यावर पाय वर उचलले की पोटावर दाब येतो आणि दूध वर येते. त्याच कारणाने लंगोटाची नाडी किंवा डायपरची पट्टी पोटावर घट्ट नको. पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला खांद्यावर उभे धरायचे. उभे म्हणजे पाठ सरळ राहील असे. मांडीवर दुमडून बसवले तर पोट दाबले जाते आणि उलटाच परिणाम होतो. या अर्ध्या तासात आलेल्या-गेलेल्यांनी त्याला वर-खाली झुलवू नये, हे सांगण्याचा संकोच मी पहिल्या महिन्यात केला आणि पुढे सोडून दिला.

दूध काढल्यानंतर पुन्हा लगेच तितकेच पाजायची गरज नसते. मागितले तर द्यावे, नाही तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावे.

एक लहानशी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. मानेच्या वळ्यांत आणि कानामागे ओघळलेले दूध साचते आणि उन्हाळ्यात तेथे लाल पुरळ उठते. मऊ ओल्या कापडाने ती जागा दिवसातून तीन-चार वेळा टिपून कोरडी करावी, पावडर टाकू नये. दुपट्यांचा आंबट वास जाण्यासाठी ती आधी साध्या गार पाण्यात बुडवून ठेवावीत आणि मग धुवावीत. आपल्याकडच्या उन्हात ती अर्ध्या तासात वाळतात.

माझ्या मुलाचे दूध काढणे चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त होते. तो बसू लागल्यावर, साधारण सातव्या-आठव्या महिन्यापासून ते कमी होत गेले आणि वाढदिवसाच्या आधी थांबले. झोपेसाठी आम्ही गादीखाली डोक्याच्या बाजूला गोधडीची घडी ठेवून चढ दिला होता. तो तुम्हीही देऊन पाहा.

एक वडील, नंदनवन

वरील उत्तर चांगले आहे आणि बहुतेक घरांसाठी तेच खरे ठरेल. परंतु 'सगळीच मुले दूध काढतात' या वाक्याने आमचे चार दिवस गेले, म्हणून दुसरी बाजू लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

आमचा पहिला मुलगा जन्मला तेव्हा ३ किलो १०० ग्रॅमचा होता आणि चौथ्या आठवड्यात तो ३ किलो ९०० ग्रॅमपर्यंत पोहोचला. तोपर्यंत तोही इतर मुलांसारखाच थोडेफार दूध काढत असे. पाचव्या आठवड्यात ओकण्याचे स्वरूप बदलले. दूध ओघळत नव्हते, तर नळीतून दाबाने सुटावे तसे हात-दीड हात लांब जाऊन पडत होते. आणि एखाद्या वेळी नव्हे, जवळजवळ प्रत्येक वेळी पाजल्यानंतर. ओकून झाल्यावर तो थकून झोपत नसे, उलट लगेच अधाशासारखा पुन्हा प्यायला मागत असे. माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी सांगितले की हे कालपर्यंतच्यासारखे नाही. आम्ही ज्यांना दाखवले त्यांनी वजन न करता, पोट न तपासता थेंब लिहून दिले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी मूल बाळसे धरत असताना असे होतेच म्हणून समजूत काढली. मीही त्याच बाजूला होतो, याचे मला आजही वाईट वाटते. चौथ्या दिवशी त्याचे लंगोट दिवसभरात जेमतेम तीनदा ओले झाले आणि वजन ३ किलो ६०० ग्रॅमवर आले.

दुसऱ्या डॉक्टरांनी मुलाला पाजायला लावून त्याच्या उघड्या पोटाकडे पाहिले. वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे एक लाट सरकताना दिसली, ती त्यांनी आम्हालाही दाखवली. सोनोग्राफीत निदान पक्के झाले. जठराच्या तोंडाशी, जेथून दूध आतड्यात उतरते, तेथील स्नायू जाड होऊन वाट जवळजवळ बंद झाली होती. हा विकार बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यादरम्यान प्रकट होतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये साधारण चौपट आढळतो. सततच्या ओकण्याने रक्तातील क्षार कमी झालेले असतात, म्हणून आधी सलाईनद्वारे ते भरून काढले आणि मग शस्त्रक्रिया केली. जाड झालेल्या स्नायूला उभा छेद देऊन वाट मोकळी करण्याची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी तो थोडे थोडे दूध पिऊ लागला आणि आठवडाभरात घरी होता. आज तो पाच वर्षांचा आहे.

ताई, तुमच्या मुलीचे वजन वाढते आहे आणि दूध ओघळते आहे, त्यामुळे तिला हे असावे असे मला वाटत नाही. तरीही शेवटचे वजन तीन आठवड्यांपूर्वीचे आहे. उद्याच पुन्हा करून घ्या.

निवृत्त परिचारिका, महाल

मी तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका होते आणि त्यांतील मोठा काळ लहान मुलांच्या वॉर्डात गेला. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरी लिहिते.

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. मोठ्या माणसात ते घास खाली गेला की मिटते आणि बहुतांशी मिटलेलेच राहते. तान्ह्या बाळात ते मधूनमधून आपोआप सैल पडते. त्यात बाळाचे अन्न पातळ, जठर लहान आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे पडण्यात जातो. दूध वर येण्याला एवढी कारणे पुरेशी आहेत. किमान ४० टक्के तान्ही बाळे अशी दूध काढतात आणि त्यांपैकी दहांतल्या नऊ जणांचे वर्षाच्या आत थांबते. म्हणून ज्या बाळाचे वजन वाढते, जे आनंदाने पिते आणि दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला करते, त्याला औषध नको असते.

दह्यासारख्या गाठींबद्दल सासूबाईंना सांग की दूध जठरात गेल्यावर तेथील आम्लाने ते फाटतेच आणि फाटल्यावरच ते पचते. लगेच बाहेर आले तर ते पातळ दिसते, तासाभराने आले तर गाठीचे दिसते. गाठी हे पचन सुरू झाल्याचे चिन्ह आहे. तुझ्या वरण-भाताने किंवा संत्र्याने तुझे दूध जड अथवा आंबट होत नाही. पोटभर जेव, संत्री खा. दूध पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवून कोणत्याही बाळाचे दूध काढणे थांबलेले मी पाहिले नाही.

आता रात्रीची भीती. ही जवळजवळ प्रत्येक आईला वाटते आणि म्हणूनच अनेकजणी बाळाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात, जे अधिक धोक्याचे आहे. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढण चढावी लागते, आणि तोवर बाळ ते गिळते किंवा तोंडावाटे बाहेर टाकते. पालथ्या बाळात ही रचना उलटी होते. म्हणून दूध काढणाऱ्या बाळानेही रात्री आणि दिवसा उताणेच झोपावे, सपाट आणि घट्ट गादीवर. मोहरीची उशी काढून टाक. त्रिमूर्तीनगरच्या ताईंनी बाकी सगळे अनुभवाचे आणि योग्य लिहिले आहे, परंतु गादीला चढ देण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. त्याने दूध वर येणे कमी होत नाही; उलट बाळ खाली घसरते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळीतही तेच घडते, त्यामुळे पाजल्यानंतर झोळीत टाकू नये. पालथे घालायचे ते बाळ जागे असताना, कोणीतरी शेजारी बसून, आणि पाजल्यानंतर लगेच नव्हे.

बाळगुटीविषयी तुझ्या घरी वाद होऊ नये असे मला वाटते, कारण आपल्या आज्यांनी ती प्रेमानेच दिली. परंतु सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नसते. सहाण, उगाळायचे पाणी आणि चाटवणारे बोट यांतून जंतू पोटात जातात, आणि मध घातला असेल तर वर्षाच्या आतील बाळाला त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर विकार होऊ शकतो. संध्याकाळची धुरीही बंद करा. धुराने नाक-घसा चुरचुरतो, बाळ खोकते, आणि खोकताना दूध वर येते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही बाहेर जाऊ द्या.

थेंब बंद केलेस ते योग्य केलेस. उलटी थांबवण्यासाठी आपल्याकडे बहुधा डोम्पेरिडोन दिले जाते. तान्ह्या बाळांच्या साध्या दूध काढण्यावर त्याचा भरवशाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आम्ल कमी करणारी औषधे दूध वर येणे थांबवत नाहीत, फक्त त्याचा आंबटपणा कमी करतात, आणि जठरातले आम्ल घटले की छातीच्या व पोटाच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. काही बाळांना ती खरोखर लागतात, पण ते तपासून डॉक्टरांनी ठरवायचे. बाटली डॉक्टरांना दाखव आणि किती थेंब दिले ते सांग.

नंदनवनच्या दादांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य लक्षात ठेव. त्याच्या जोडीला एका शब्दाबद्दल सांगते, कारण वॉर्डात त्यावरून अनेकदा गैरसमज झालेले मी पाहिले आहेत. आपण आंबट पाणी पडले तरी सहज 'पित्त पडले' म्हणतो. डॉक्टर ज्या पित्ताविषयी विचारतात ते हिरवे असते, पालकाच्या रसासारखे. तान्ह्या बाळाने हिरवे ओकणे म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात काही तासही वाया घालवून चालत नाहीत. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात थेट जायचे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा, आणि डागाचे कापड बरोबर न्यायचे. ओकण्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसणे, पोट फुगून टणक होणे, डोक्यावरची मऊ टाळू वर उचलली जाणे किंवा खोल जाणे, बाळ मलूल होऊन पाजण्यासाठीही न उठणे, आणि तीन महिन्यांच्या आत १०० अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, यांपैकी काहीही असले तरी त्याच दिवशी दाखवावे. वजन अडणे, पाजायला घेतले की कमान करून रडत तोंड फिरवणे, वारंवार खोकला किंवा घरघर, आणि दूध काढणे सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू होणे किंवा वर्षानंतरही चालू राहणे, याही गोष्टी डॉक्टरांना सांगण्याच्या आहेत, पण त्यासाठी रात्री धावण्याची गरज नाही.

वजनाबाबत एक सांगते. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले, तेव्हा त्यांच्या पिशवीत वजनकाटा होता. आज आशाताई घरी येतात त्याचे मूळ तेथे आहे. तुझ्या भागातल्या अंगणवाडीत काटा असतो. दर वेळी त्याच काट्यावर, उघड्या अंगाने वजन कर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घे. दुपटी मोजत बसू नको.

धरमपेठेतील एक आई

काकूंनी लिहिले त्यात आमचा थोडा अनुभव जोडते. आमच्या मुलीला दूध काढण्याबरोबरच अंगावर चट्टे उठत आणि शीमध्ये चिकट स्राव व रक्ताचे बारीक धागे दिसत. तिला गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी होती आणि ती माझ्या आहारातून तिच्यापर्यंत पोहोचत होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी चार आठवडे दूध, दही, तूप, पनीर पूर्णपणे सोडले, कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या आणि तिला स्तनपान चालूच ठेवले. दोन आठवड्यांत फरक दिसला. मात्र अशी लक्षणे नसताना आईने स्वतःहून दूधदुभते सोडू नये. त्याने आईचीच झीज होते.

लेकीची आई, मानेवाडा

सर्वांचे मनापासून आभार. नंदनवनच्या दादांचे उत्तर वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही, पण सकाळी आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. वजन ४ किलो ४५० ग्रॅम भरले. त्यांनी तिचे पोट तपासले, टाळू पाहिली आणि मला त्यांच्यासमोर पाजायला सांगितले. माझ्या दुधाला सुरुवातीला जोर आहे आणि ती घाईने गिळते, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. थेंबांची बाटली त्यांनी ठेवून घेतली आणि कोणतेही औषध लिहून दिले नाही. संध्याकाळचे रडणे या वयात सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते व तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते, त्याचा दूध काढण्याशी संबंध असेलच असे नाही, असेही त्यांनी सांगितले.

चमच्याचा प्रयोग आम्ही काल केला. सासूबाईंनी स्वतः दूध ओतले. मुलीचा सकाळचा सर्वांत मोठा डाग दोन चमच्यांच्या डागाएवढाही नव्हता. त्या बराच वेळ तिन्ही दुपटी पाहत होत्या. आज दुपारी त्यांनी मला वरण वाढले.

काकू, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पाण्याचे काय करावे? आणि पुढच्या आठवड्यात १० आठवड्यांची लस आहे. त्यात तोंडावाटे देण्याचे थेंब असतात, ते तिने लगेच बाहेर काढले तर?

निवृत्त परिचारिका, महाल

वजन वाचून फार बरे वाटले. तीन-साडेतीन आठवड्यांत ५५० ग्रॅम, म्हणजे तिला हवे तेवढे दूध पोटात राहते आहे.

पाणी देऊ नको, मे महिन्यातही नको. आईच्या दुधात ८७ टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि अत्यंत उष्ण, कोरड्या हवेतही केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला तेवढे पुरते. वरून पाणी दिले तर तिचे लहानसे पोट पाण्याने भरते, दूध कमी प्यायले जाते, आणि पाणी किंवा वाटी-चमचा स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात. पारा ४४-४५ अंशांवर गेला की ती थोडे थोडे आणि अधिक वेळा मागेल, तेव्हा तसे पाज. एका वेळी कमी दूध पोटात गेल्याने ते वर येणेही कमी होते. माठातले पाणी तू पी, तहान लागण्याची वाट न पाहता. कूलर खोलीत चालू असावा, पण त्याचा झोत सरळ तिच्या अंगावर नको, आणि अंगात एकच पातळ सुती झबले पुरे. लंगोट सहापेक्षा कमी वेळा ओले झाले, लघवी गडद पिवळी दिसली किंवा तोंड कोरडे वाटले तर त्याच दिवशी दाखव.

१० आठवड्यांच्या वेळी पोलिओ आणि रोटाव्हायरस या दोन लसी तोंडावाटे देतात. त्यासाठी तिला उपाशी ठेवायचे नाही. आईच्या दुधाने या लसींचे काम अडत नाही. फक्त अगदी पोट भरून लगेच लसीच्या टेबलावर नेऊ नको, तासभर आधी पाजलेले असले की बरे. थेंब देताना तिला आडवी न धरता अर्धवट उभी धर, आणि रोटाचे थेंब गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायला सांग. तिने लगेच सगळे बाहेर टाकले तर तेथल्या नर्सताईंना त्याच क्षणी सांग. पुन्हा द्यायचे की नाही हे त्या नियमाप्रमाणे ठरवतील. तसेही लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायचे असते, त्या वेळात तिला उभी धरून बस. सुई टोचताना किंवा टोचल्यावर लगेच अंगावर घेतलेस तर रडणे लवकर थांबते.

लेकीची आई, मानेवाडा

काल लस झाली. दोन्ही थेंब आत राहिले. सुई टोचल्यावर ती खूप रडली आणि पाजताच शांत झाली. रात्री थोडी कणकण होती, सकाळी उतरली.

दूध काढणे आता दिवसातून पाच-सहा वेळांवर आले आहे. रेलून पाजणे आणि अर्धा तास उभे धरणे, या दोन्हींचा मिळून उपयोग झाला असावा. दिवसाचा तो अर्धा तास आता बहुतेक वेळा सासूबाईंचा असतो. त्या तिला खांद्यावर घेऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली फिरतात आणि मला तेवढ्यात जेवता येते. उशी काढली आहे. गुटीबाबत मात्र त्यांचे मन अजून पूर्ण वळलेले नाही. सहा महिने होईपर्यंत थांबायला त्या तयार झाल्या आहेत, एवढेच. मी रात्री अजूनही दोन-तीनदा उठून तिचा श्वास पाहते, पण बसून राहत नाही.

पुढचे वजन १४ आठवड्यांच्या लसीच्या दिवशी घेणार आहे. ते येथे लिहीन.